गर्भ सोडणाऱ्या हाताने फरक पडतो का?

पलूसकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३३, लग्नाला आठ वर्षं, दोन्ही बीजवाहक नळ्या बंद म्हणून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार). पाचव्या दिवसाचे चार चांगले गर्भ तयार झाले, चारही गोठवले. पहिला गर्भ केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांनी सोडला. पाच मिनिटांत झालं, दुखलंही नाही, पण बीटा (गर्भ रुजला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आला. दुसऱ्या वेळी मोठ्या डॉक्टरांना ऐनवेळी परगावी जावं लागलं. ताईंना दीड तास थांबवून ठेवलं. लघवी आवरेना, तेव्हा सिस्टरनी बाथरूमला जाऊन यायला सांगितलं आणि मग तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांनी गर्भ सोडला. गर्भ सोडायची बारीक नळी आत जाईना, पिशवीच्या तोंडाला चिमटा लावून ओढलं, पंधरा-वीस मिनिटं गेली, खूप दुखलं आणि नळीला रक्त लागल्याचं बोलणं ताईंच्या कानावर आलं. तोही निगेटिव्ह. आता दोन गर्भ उरलेत. त्या विचारतात, "डॉक्टरांच्या हाताने खरंच फरक पडतो का, की माझ्याच पिशवीत दोष आहे? सासूबाई म्हणतात, एसटीने आलीस आणि दोन दिवसांत कामाला लागलीस म्हणून गेलं. आता पुण्याला जाऊ का?"

ताई, तुम्ही हाताबद्दल विचारलंय, पण मला त्यात तीन प्रश्न दिसतात. गेलेले दोन गर्भ कशाने गेले? त्यात माझं काही चुकलं का? आणि उरलेले दोन हातचे जाऊ नयेत म्हणून मी काय करू? मधल्याचं उत्तर लगेच देते: तुमचं काही चुकलं नाही. एसटीत बसल्याने, भाकऱ्या थापल्याने, जिना चढल्याने गर्भ पडत नाही. का पडत नाही ते खाली येईलच. पण उत्तर पूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अवघड आहे. मी सांगलीत वीसेक वर्षं हे काम करते आणि एखादा ठरावीक गर्भ का रुजला नाही, हे छातीठोकपणे सांगता येईल अशी वेळ फार थोड्यांदा आली. बहुतेक वेळा कारण गर्भातच असतं. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ कितीही देखणा दिसला तरी त्याची गुणसूत्रं डोळ्यांना दिसत नाहीत. तेहतिशीच्या आसपास पाचव्या दिवसाच्या तीन गर्भांतला साधारण एक गुणसूत्रांच्या गडबडीचा असतो, चाळिशीत हे प्रमाण निम्म्याच्या वर जातं. गुणसूत्रं तपासून नीट निघालेला गर्भसुद्धा तीनांत एकदा तरी रुजत नाहीच. समजा, तुमच्या प्रत्येक गर्भाला रुजण्याची ४० टक्के संधी होती. सगळं अगदी बिनचूक झालं असतं तरी दोन्ही वेळा निगेटिव्ह येण्याची शक्यता १०० मध्ये ३६ आहे. म्हणजे तुमच्यासारख्या तीन बायकांत एकीच्या वाट्याला हे नुसत्या योगायोगाने येतं. म्हणून दोन अपयशांवरून पिशवीत दोष आहे असं कुणी ठरवू नये. तुम्हीही नाही, घरच्यांनीही नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. नळ्या बंद आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण कुठे बंद आहेत हे लिहिलेलं नाही. पिशवीच्या बाजूला बंद असतील तर चिंता नाही. पण पलीकडच्या टोकाला बंद होऊन नळी फुगली असेल, आत पाणी साठलं असेल, तर ते पाणी झिरपत पिशवीत उतरतं. त्याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. त्यामुळे आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. दुर्बिणीतून ती नळी काढली किंवा पिशवीजवळ क्लिप लावून तिचं तोंड बंद केलं की मग गर्भ सोडायचा, असा क्रम आहे. तुमच्या एचएसजीच्या (नळ्यांच्या एक्स-रेच्या) फिल्म आणि लॅप्रोस्कोपीचा (दुर्बिणीच्या तपासणीचा) रिपोर्ट काढून बघा. तिथे असं पाणी निघालं, तर या उत्तरातलं हाताबद्दलचं सगळं दुय्यम ठरेल.

आता हाताकडे येते. आपल्याकडे हातगुण असा शब्द आहे. जत, आटपाडी, पलीकडे अथणीकडून येणाऱ्या बायकाही मला सांगतात की अमक्या डॉक्टरांना हातगुण आहे म्हणून तिकडे गेलो. मला हा शब्द मोलाचा वाटतो, कारण आमच्या क्षेत्रात तो चक्क मोजला गेलाय. २००० साली अमेरिकेतल्या एका केंद्राने आपल्याच डॉक्टरांची आकडेवारी प्रसिद्ध केली. केंद्र एक, प्रयोगशाळा एक, तरी गर्भ सोडणारा डॉक्टर बदलला की निकाल बदलत होता. सगळ्यांत कमी यश १७ टक्के, सगळ्यांत जास्त ५४ टक्के. आकडे वाचून धक्का बसतो. पण अशा पाहणीत एकेका डॉक्टरच्या वाट्याला आलेल्या बायकांची संख्या लहान असते, त्यामुळे तो फरक जसाच्या तसा तुमच्या केंद्राला लावू नका. त्यातून मी एवढंच घेते की हाताने फरक पडू शकतो आणि सगळ्यांनी एक चांगली पद्धत धरली की तो फरक कमी होतो. नवीन डॉक्टरही शिकतात. शिकणाऱ्या डॉक्टरांचे निकाल तपासले तेव्हा सुरुवातीच्या काही ट्रान्सफरमध्ये (गर्भ सोडण्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो) ते मागे होते आणि साधारण पन्नासाव्या ट्रान्सफरपर्यंत अनुभवी डॉक्टरांच्या बरोबरीला आले. म्हणजे हातगुण शिकता येतो. तो कशाचा बनलेला असतो हे कळावं म्हणून तुम्हाला आमच्या खोलीत घेऊन जाते.

खोलीत दिवे मंद असतात. टेबलाच्या एका बाजूला सोनोग्राफीचं मशीन, दुसऱ्या बाजूला भिंतीत छोटी खिडकी आणि खिडकीपलीकडे प्रयोगशाळा. पेशंट टेबलावर आली की आमच्या एम्ब्रियॉलॉजिस्ट (प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणाऱ्या तज्ज्ञ) मॅडम खिडकीतून तिला तिचं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव विचारतात आणि डिशवरच्या नावाशी ताडून घेतात. पोटावर जेली लावून सिस्टर प्रोब धरतात. पडद्यावर आधी मूत्राशय दिसतं, काळंभोर आणि फुगलेलं. त्याच्याखाली करड्या रंगाची पिशवी आणि तिच्या मधोमध अस्तराची फिकट रेघ. मी स्पेक्युलम (पिशवीचं तोंड दिसावं म्हणून योनीत घालायचं साधन) घालते, पिशवीचं तोंड गर्भ वाढवण्याच्या द्रवात भिजवलेल्या कापसाने पुसते, तोंडाशी असलेला चिकट स्राव हळूच काढून टाकते. हा स्राव राहिला तर गर्भ त्याला चिकटून नळीबरोबर बाहेर येऊ शकतो, नाहीतर नळीचं टोकच बुजतं. मग मऊ बाहेरची नळी तोंडातून आत सरकवते. आतल्या तोंडापाशी किंचित अडथळा लागतो. तिथे जोर करायचा नसतो, कोन बदलायचा असतो. नळी तिथून पार झाली की मी खिडकीकडे बघून म्हणते, "भरा."

गर्भ तोवर इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर असतो, आधी बाहेर काढत नाही. मॅडम आतली बारीक नळी भरून आणतात. त्यात २० ते ३० मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे एका थेंबाच्या निम्म्याएवढा. त्या द्रवात हवेचा बारीक बुडबुडा आणि मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा गर्भ. ही नळी बाहेरच्या नळीतून पुढे जाताना पडद्यावर पांढरी रेघ सरकताना दिसते. पिशवीच्या वरच्या भिंतीपासून एक ते दीड सेंटिमीटर अलीकडे मी थांबते आणि सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबते. पडद्यावर चांदणीसारखा एक ठिपका चमकतो. पेशंटला तो दाखवताना मी नेहमी सांगते की हा बुडबुडा आहे, बाळ याच्या शेजारी आहे. दट्ट्या दाबलेलाच ठेवून नळी हळूहळू बाहेर घेते, कारण अंगठा सैल सुटला तर आत सोडलेला द्रव पुन्हा नळीत ओढला जातो. नळी खिडकीतून परत जाते, मॅडम ती सूक्ष्मदर्शकाखाली धुऊन तपासतात आणि "क्लिअर" म्हणतात. तोवर खोलीत कुणी बोलत नाही. कधी गर्भ नळीलाच चिकटून परत आलेला असतो. तेव्हा तो लगेच पुन्हा भरून सोडतो. त्याने यश कमी होत नाही, म्हणून असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर तिने घाबरू नये.

सगळं मिळून पाच-सात मिनिटांचं काम. यात जादू नाही, पण प्रत्येक पायरीला कारण आहे. सोनोग्राफीने बघत ट्रान्सफर करण्याची पद्धत १९८५ पासून वैद्यकीय साहित्यात आहे, तरी मी शिकत होते तेव्हा अनेक जण हाताच्या अंदाजानेच करायचे. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सोनोग्राफीखाली सोडलेल्या गर्भांत यश जास्त दिसलं. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली ट्रान्सफरबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. पोटावरून सोनोग्राफी, तोंडावरचा स्राव काढणं, मऊ नळी, वरच्या भिंतीपासून एक सेंटिमीटरहून जास्त अंतर आणि ट्रान्सफरनंतर लगेच उठून चालणं, हे सगळं त्यात आहे. या यादीत महागडं काहीच नाही. त्यामुळे हे सगळं सांगलीतही होऊ शकतं आणि होतंही.

वरच्या भिंतीला नळी लागू द्यायची नाही, यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या ट्रान्सफरशी त्याचा संबंध आहे. गर्भपिशवी म्हणजे स्नायू. तिला डिवचलं की ती आकसते. १९९८ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी गर्भाऐवजी सोनोग्राफीत चमकणारा द्रव बायकांच्या पिशवीत सोडून पाहिला. नळी अलगद गेली तिथे तो द्रव जागच्या जागी राहिला. नळी वरच्या भिंतीला लागली तिथे पिशवीत आकसण्याच्या लाटा उठल्या आणि द्रव इकडेतिकडे ढकलला गेला. पिशवीच्या तोंडाला चिमटा लावल्यानेही अशी आकुंचनं वाढतात. पाचव्या दिवसापर्यंत प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे पिशवी बरीच शांत झालेली असते, हा त्यातला दिलासा. तुमचे गर्भ पाचव्या दिवसाचे होते, त्यामुळे चिमटा लावला म्हणून गर्भ गेलाच असं मी म्हणणार नाही. पण ती परिस्थिती टाळण्यासारखी होती, एवढं नक्की.

हे मी पुस्तकातून शिकले, तसंच एका पेशंटकडूनही शिकले. काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एका बाईंची आधीची फाईल दुसरीकडची होती आणि तिच्यावर "ट्रान्सफर सोपं" असा शेरा होता. त्या शेऱ्यावर विसंबून मी मॉक, म्हणजे आधी रिकाम्या नळीने करायची रंगीत तालीम, केलं नाही, पिशवीची लांबी मोजली नाही. त्या दिवशी मशीनवर चित्रही धूसर येत होतं. नळी पुढे सरकवली आणि त्या एकदम म्हणाल्या, "मॅडम, आत कळ आली." नळी भिंतीला टेकली होती. मी मागे घेतली, गर्भ सोडला, सगळं रीतसर पूर्ण केलं. बीटा निगेटिव्ह आला. तो गर्भ त्या कळीनेच गेला असं मी आजही म्हणू शकत नाही, आणि नाही गेला असंही म्हणू शकत नाही. त्यांना मी खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे, तोंडापासून वरच्या भिंतीपर्यंत किती सेंटिमीटर, आणि कोणती नळी सहज गेली. दुसऱ्याच्या शेऱ्यावर मी पुन्हा कधी ट्रान्सफर केलं नाही.

आता तुमच्या बाथरूमकडे येते. तुमच्या पूर्ण मजकुरात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच आहे. बहुतेक बायकांची पिशवी पुढे, मूत्राशयावर झुकलेली असते. मूत्राशय भरलं की ते पिशवीला मागे रेटतं आणि तोंड व पिशवी यांच्यातला बाक सरळ होतो. शिवाय पोटावरून बघताना भरलेलं मूत्राशय काचेच्या खिडकीसारखं काम करतं. ते रिकामं झालं की एकाच वेळी दोन नुकसान होतात. रस्ता वाकडा होतो आणि तो वाकडा रस्ता दिसतही नाही. पहिल्या वेळी हीच पिशवी, हेच तोंड, पाच मिनिटांत नळी गेली होती. म्हणजे तुमच्या पिशवीचा रस्ता मुळात अवघड नाही. दुसऱ्या वेळी तीन गोष्टी एकदम बदलल्या: मूत्राशय रिकामं, हात नवा, आणि दीड तास ताटकळल्यामुळे तुमचं अंग आखडलेलं. मी त्या खोलीत नव्हते, त्यामुळे माझा हा अंदाजच समजा. पण माझ्यासमोर ही फाईल आली असती तर मी पिशवीला दोष देण्याआधी मूत्राशयाकडे बघितलं असतं. त्या डॉक्टरांना अडाणी ठरवण्याचीही मला घाई नाही. ओळखीचा रस्ता असता आणि दृश्य स्वच्छ असतं तर त्यांचाही हात कदाचित सहज चालला असता. चुकलं असेल तर नियोजन चुकलं.

रक्ताबद्दल. नळीला बाहेरून रक्त लागणं ही त्रास झाल्याची खूण आहे, ते अपयशाचं कारण नव्हे. नळीच्या आत किंवा टोकावर रक्त आणि स्राव अडकला असेल तर गर्भ चिकटून राहण्याची भीती वाढते, म्हणून तर नळी परत तपासतात. तुमच्या नोंदीत "कॅथेटर क्लिअर" (नळीत काही उरलं नाही) लिहिलं असेल तर गर्भ आत पोचला होता.

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार बायकोला घेऊन यायचे. दुसरं ट्रान्सफर फसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम भरायला माहितगार माणूस बोलावतो. त्याचं नीट बसतं, दुसऱ्याचं मरतं. तुमच्यातही तसंच का?" मी म्हटलं, बरंचसं तसंच. पण काडीच कच्ची असेल तर तो माहितगार काय करणार? ते म्हणाले, "मग तो आधी काडी बघतो, खुंट बघतो, मगच चाकू लावतो." त्यांच्या या उत्तराने माझं पुढचं समजावणं सोपं झालं, कारण ट्रान्सफरआधीचं मॉक म्हणजे नेमकं तेच, चाकू लावण्याआधी खुंट बघणं.

एसटी आणि सासूबाईंच्या काळजीबद्दल. गर्भपिशवी म्हणजे रिकामी पिशवी किंवा मडकं, अशी आपली कल्पना असते, म्हणून वाटतं की हलवलं की आतलं सांडेल. प्रत्यक्षात पिशवीची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटलेल्या असतात. दोन ओलसर भाकरी एकीवर एक ठेवल्या आणि मध्ये एक तीळ असला, तर ताट हलवून तो तीळ खाली पडेल का? गर्भ तर तिळाहून कितीतरी पट लहान आणि अस्तर चिकट. पलूस ते सांगली रस्त्यावरचा कुठलाही खड्डा त्याला हलवू शकत नाही. ट्रान्सफरनंतर पडून राहण्याने यश वाढतं का, हे तपासलं गेलंय. वाढत नाही, काही पाहण्यांत तर पडून राहणाऱ्यांचं यश किंचित कमीच दिसलं. माझ्या पेशंट टेबलावरून उतरतात, बाथरूमला जातात, चहा घेतात आणि घरी जातात. लघवीबरोबर गर्भ जाईल ही भीती बऱ्याच जणी दबक्या आवाजात बोलून दाखवतात. जात नाही, लघवीचा मार्ग वेगळा आहे. घरकाम, स्वयंपाक, शाळेत शिकवणं, दुकानात बसणं सगळं चालतं. ओझी उचलणं आणि फार दमणं तेवढं टाळा, तेही तुमच्या जिवाला आराम म्हणून. सासूबाईंना माझ्यातर्फे एवढं सांगा की त्यांची काळजी मला कळते. त्यांच्या काळात पडून राहा एवढं एकच औषध हातात होतं. आता सुनेला पंधरा दिवस खाटेवर झोपवण्यापेक्षा तिची औषधं वेळेवर दिली जातात का ते त्यांनी बघितलं तर फार मोठी मदत होईल.

म्हणजे इथवर असं दिसतं: गर्भात दोष असण्याची शक्यता सगळ्यांत मोठी, नळ्यांतलं पाणी तपासायचं राहिलंय, दुसऱ्या ट्रान्सफरला परिस्थिती वाईट होती पण तुमची पिशवी वाईट नाही, आणि एसटीचा काही संबंध नाही. यावरून पुढचं ठरवू.

पहिलं काम म्हणजे दोन्ही ट्रान्सफरची नोंद मागा. नियमाने काम करणाऱ्या प्रत्येक केंद्रात ती असते. गर्भाची प्रत, कोणती नळी, किती अंतरावर सोडला, चिमटा लागला का, रक्त होतं का, नळी क्लिअर होती का, कोणी केलं. मागताना संकोच करू नका, ती तुमचीच माहिती आहे. भांडायला गेल्यासारखं न विचारता, "पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल ते बघायचंय" असं विचारा. या प्रश्नाला केंद्र कसं उत्तर देतं, त्यावरून तुम्हाला डॉक्टर बदलायचे की नाही ते बरंचसं कळेल. नोंद पुढे ठेवून, दुसऱ्या वेळी त्रास झाला हे मान्य करून, पुढच्या वेळी मॉक करू म्हणाले तर मी तिथेच राहीन. "नशीब असतं" म्हणून विषय संपवला, नोंद दाखवलीच नाही, तर दुसरा सल्ला घेईन.

पुण्याला जाण्याबद्दल. गाव बदलल्याने हात आपोआप चांगला होत नाही. मिरजेला रुग्णसेवेची सव्वाशे वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि सांगली-मिरजेत हे काम नीट करणारे लोक आहेत. शिवाय तुमचे गर्भ इथे गोठवलेले आहेत. ते दुसऱ्या केंद्रात हलवायचे तर २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे परवानगीची कागदपत्रं लागतात, द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यातून प्रवास होतो, खर्च येतो. विश्वास पूर्ण उडाला असेल तर जरूर हलवा, अविश्वासाने उपचार घेणं फार जड जातं. पण नुसत्या पुण्याच्या नावासाठी नको. आणि कुठेही गेलात तरी केंद्राची एआरटी कायद्याखालची नोंदणी आधी बघा.

दुसरं काम म्हणजे मॉक. ट्रान्सफरच्या महिन्याच्या आधीच्या महिन्यात, मूत्राशय भरलेलं असताना, जो हात खरा गर्भ सोडणार आहे त्याच हाताने रिकामी नळी घालून रस्ता बघायचा. सहज गेली तर लांबी आणि कोन लिहून ठेवायचा. अडखळली तर दुर्बिणीतून तोंड आणि आतली बाजू बघून अडथळा काढायचा आणि मगच पुढे जायचं. अगदीच नळी जात नाही अशा विरळ बायकांसाठी पिशवीच्या भिंतीतून सुईने गर्भ सोडण्याचीही पद्धत आहे, पण पहिल्या वेळच्या अनुभवावरून तुम्हाला तिची गरज पडेल असं वाटत नाही.

तिसरी गोष्ट बायका विचारत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत नेमकी तीच नडली. गोठवलेला गर्भ थांबू शकतो, पण तयार झालेलं अस्तर थांबत नाही. प्रोजेस्टेरॉन सुरू झालं की साधारण पाच दिवसांनी, सहाव्या दिवशी ट्रान्सफर करायचं असतं. ती तारीख आपल्या सोयीने पुढे ढकलता येत नाही. म्हणून प्रोजेस्टेरॉनची पहिली गोळी घेण्याआधी विचारा, "त्या दिवशी गर्भ कोण सोडणार आहे? ते नसतील तर कोण? त्यांनी माझं मॉक केलंय का?" डॉक्टर नसणार हे आधी कळलं तर तो महिना सोडून देता येतो, गर्भाचं काही बिघडत नाही. गोळी सुरू झाल्यावर कळलं तर दुसऱ्या वेळेसारखीच धावपळ होते.

उरलेले दोन्ही गर्भ एकदम सोडू का, असं तुम्ही विचारलं नाही, पण दोनदा अपयश आल्यावर हे सुचवलं जातंच. ३३ व्या वर्षी, पाचव्या दिवसाचे चांगले गर्भ असताना, मी एकेकच सोडेन. दोन्ही रुजले तर जुळी, आणि जुळ्यांत मुदतीआधी बाळंतपण, कमी वजनाची बाळं, काचेच्या पेटीतले दिवस हे सगळं मी फार जवळून बघते. एकेक सोडलं तर मधल्या काळात शिकलेलंही दुसऱ्या गर्भाच्या कामी येतं. अस्तराला ओरखडा काढण्याचा उपाय कुणी सुचवला तर त्यासाठी पैसे मोजू नका. २०१९ साली १,३०० हून जास्त बायकांवर केलेल्या मोठ्या चाचणीत त्याचा काही फायदा दिसला नाही. त्या पैशांत मॉक आणि नळ्यांची नीट तपासणी करून घ्या.

आणि ट्रान्सफरच्या दिवसाचं. केंद्रात पोचल्यावर आधी लघवीला जाऊन या. वेळेच्या तासभर आधी दोन-तीन ग्लास पाणी प्या, त्याहून जास्त नको. फार तुडुंब भरलं तरी पोट आखडतं आणि पडून राहवत नाही. उशीर होतोय आणि आवरत नाहीये असं झालं तर गप्प बसून सोसू नका आणि पूर्ण मोकळंही होऊ नका. सिस्टरकडून एक ग्लास मागून घ्या, तेवढीच लघवी करा आणि थांबवा. जमतं, माझ्या पेशंट करतात. मग टेबलावर गेल्यावर प्रोब लावला की तुम्हीच विचारा, "मूत्राशय पुरेसं भरलंय का? पिशवी दिसतेय का?" दिसत नसेल तर अजून एक ग्लास पाणी पिऊन वीस मिनिटं थांबायला सांगा. गर्भ इन्क्युबेटरमध्ये सुरक्षित असतो, त्याला वीस मिनिटांनी काही होत नाही.